हातोडी निसटणारच

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत वरळी येथे बांधकाम चालू असलेल्या एका मनोऱ्याच्या ४२ व्या मजल्यावरून सिमेंटचा ब्लॉक खाली आला आणि खाली असलेले दोघे जण दगावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जोगेश्वरी पूर्वेला कामावर निघालेली २२ वर्षांची तरुणी अशाच वरून पडलेल्या ब्लॉकने गेली. अशा बातमीचा शेवट ठरलेला असतो: निष्काळजीपणाबद्दल गुन्हा दाखल. पण निष्काळजीपणा नेमका कोणाचा, आणि कोणत्या क्षणी घडलेला? उंचावर काम करणारा माणूस पडू नये याविषयी आपल्याकडे आता थोडेफार बोलले जाते, बेल्ट आणि जाळ्या दिसू लागल्या आहेत. त्याच्या हातातली वस्तू पडू नये याविषयी मात्र 'नीट धर रे' याच्या पुढे गाडी सरकत नाही. खालच्या संवादातला ठेकेदार म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. या धंद्यात सर्रास मांडली जाणारी मते त्याच्या तोंडी घातली आहेत, आणि ती शक्य तितक्या जोमाने मांडू दिली आहेत. प्रतिपक्ष लेचापेचा करून जिंकण्यात काही हशील नाही.

ठेकेदार: साहेब, तुम्ही लोक बांधकामाकडे खालून बघता, आम्ही वरून बघतो. वस्तू पडते ती एकाच कारणाने, वरच्याचं लक्ष नसतं. कोणी तंबाखू मळतोय, कोणी मोबाइलवर गावाकडे बोलतोय. मी प्रत्येकाला हेल्मेट देतो, रोज सकाळी मुकादम पाच मिनिटं समजावून सांगतो, गेटवर फलक लावलाय. एवढं करूनही हातोडी पडली, तर ज्याच्या हातून पडली त्याची चूक. त्याची एक दिवसाची हजेरी कापली की बाकीचे आपोआप सरळ होतात.

लेखक: शेठ, तुमचीच वही घेऊन हिशेब करू. एक गवंडी दिवसाला साधारण सव्वा घनमीटर वीटकाम करतो, असे अंदाजपत्रक करणारे धरून चालतात. म्हणजे सहाशेच्या आसपास विटा. दहा गवंडी लावले तर सहा हजार. प्रत्येक वीट भिंतीत बसेपर्यंत चार हातांतून तरी जाते: कोणी उतरवतो, कोणी घमेल्यात किंवा पाटीवर ठेवतो, कोणी वर देतो, कोणी रचतो. म्हणजे दिवसाला चोवीस हजार वेळा कोणीतरी वस्तू उचलतो आणि सोडतो. आता समजा, तुमची माणसे इतकी सराईत आहेत की दहा हजारांत एकदाच काही निसटते. इतका अचूक हात फार थोड्या धंद्यांत सापडेल. तरीही तुमच्या साइटवर रोज दोनदा काहीतरी निसटणारच. यात तंबाखू आलेली नाही, मोबाइल आलेला नाही. मे महिन्यातले ऊन, घामाने ओला झालेला दांडा, ओल्या सिमेंटने बुळबुळीत झालेला हातमोजा, दहाव्या तासाला बधिर झालेली बोटे, हे काहीच धरलेले नाही. हात म्हटला की तो कधीतरी सुटतो. तेव्हा 'निसटू देऊ नका' हा हुकूमच चुकीच्या जागी दिला जातो. निसटलेली वस्तू जमिनीपर्यंत पोहोचू द्यायची की नाही, एवढेच माणसाच्या हातात असते. आणि तो निर्णय कामगाराचा नसून साइट ज्याच्या ताब्यात आहे त्याचा असतो. हजेरी कापण्याचे म्हणाल, तर तिचा परिणाम नक्की होतो, पण उलटा. पाना पडला आणि कोणाला लागला नाही, ही खरे तर फुकटात मिळालेली माहिती: या कोपऱ्यात, या कामात, या वेळी वस्तू पडते. हजेरी कापली जाणार असेल तर ती माहिती कोणी तुम्हाला देणार नाही. गुपचूप खाली उतरून पाना उचलून आणतील. तुम्हाला कळेल ते थेट कोणाच्या डोक्यात पडल्यावर.

ठेकेदार: बरं, निसटते म्हणा. म्हणून तर हेल्मेट असतं ना? ते कशासाठी आहे मग, फोटोसाठी?

लेखक: हेल्मेट असावेच, पण त्याची ताकद किती ते समजून घ्या. युरोपात औद्योगिक हेल्मेटसाठी ईएन ३९७ हे मानक आहे. त्यातल्या धक्क्याच्या चाचणीत पाच किलोचे वजन एक मीटरवरून हेल्मेटवर पाडतात आणि आत पोहोचणारे बळ ठरावीक मर्यादेत राहते का ते बघतात. ही ऊर्जा ४९ ज्यूल. आता अर्ध्या किलोची हातोडी घ्या. ती दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडली की तेवढीच ऊर्जा घेऊन येते. दहाव्या मजल्यावरून, तीस मीटर धरले तर, ती १४७ ज्यूल होते आणि वेग ताशी ८५ किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे ज्या धक्क्यासाठी टोपी तपासली त्याच्या तिप्पट, आणि तोही अर्ध्या किलोच्या वस्तूचा. टोकदार ओळंबा किंवा सळईचा तुकडा असेल तर गोष्टच वेगळी. आजकाल टॉवरमध्ये विटांऐवजी वापरतात ते हलके ब्लॉक नावालाच हलके, मोठ्या मापाचा एक ब्लॉक चौदा-पंधरा किलोचा भरतो. त्याच्यापुढे हेल्मेट म्हणजे टरफल.

आणि हेल्मेट घालतो कोण? आत काम करणारा. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत एका उंच इमारतीवर कामगाराच्या कमरेची मोजपट्टी निसटली. वजन अर्ध्या किलोलाही कमी. ती सुमारे ५० मजले खाली आली, जमिनीजवळ कशावर तरी आपटून उडाली आणि माल पोहोचवायला आलेल्या माणसाच्या डोक्यात बसली. तो गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. पण तो त्या बांधकामावरचा कामगारही नव्हता. जोगेश्वरीची मुलगी तर नुसती रस्त्याने चालली होती. मुंबईच्या पदपथावर चालणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हेल्मेट देणार नाही. राहता राहिला ओरडून सांगण्याचा उपाय. तीस मीटर खाली यायला वस्तूला अडीच सेकंद लागतात. वरच्याच्या लक्षात येऊन तो ओरडेपर्यंत त्यातला निम्मा वेळ संपतो. आणि 'अरे, खाली बघा' असे ऐकल्यावर खालचा माणूस पहिल्यांदा काय करतो? मान वर करतो. म्हणजे टोपी बाजूला आणि तोंड पुढे.

ठेकेदार: कायदा सांगतो ते तर आम्ही करतोच की. खाली पत्र्याचा छज्जा काढतो, चहूबाजूंनी हिरवी जाळी, दोरी बांधून रस्ता अडवतो. त्याच्या पलीकडे अजून काय हवं?

लेखक: कायद्याचे वाचन तुमचे बरोबर आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९९८ चे. पूर्ण झाल्यावर पंधरा मीटर किंवा त्याहून उंच होणार असलेल्या इमारतीभोवती डोक्यावरचे संरक्षण हवे, ते किमान दोन मीटर रुंद हवे, जमिनीपासून पाच मीटरच्या आत हवे आणि त्याचा उतार इमारतीच्या आतल्या बाजूला हवा, असे त्यात सांगितले आहे. धोक्याची जागा दोर लावून बंद करा, असेही आहे. आता २०२० च्या कामगार-सुरक्षेच्या संहितेने त्या कायद्याला पोटात घेतले, पण छज्ज्याचा मुद्दा जिथल्या तिथे आहे. त्या दोन मीटरकडे जरा गणिताने बघा. वस्तू नाकासमोर सरळ खाली येते असे आपण मनात धरतो. ती कडेवरून ताशी सात किलोमीटरने, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जरी बाहेर सरकली, तरी तीस मीटर खाली येईस्तोवर पाच मीटर दूर गेलेली असते. चाळीस मजल्यांवरून आली तर दहा मीटर. मधे परांचीच्या पाइपवर आपटली तर कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. मुंबई-पुण्यात प्लॉटची हद्द आणि रस्ता यांत अंतर ते किती असते, तुम्हीच सांगा. हिरव्या जाळीचे तर नावच काढू नका. ती धूळ आणि नजर अडवायला असते, पंधरा किलोचा ब्लॉक तिला भोक पाडून पुढे जातो. छज्जा काढा, रस्ता अडवा, मी नको म्हणत नाही. पण वस्तू तिथे पोहोचते तेव्हा तिने अंगात असेल नसेल तो सगळा वेग गोळा केलेला असतो. तिला थांबवण्याची सगळ्यात स्वस्त आणि सोपी जागा म्हणजे पहिला मीटर. जे हत्यार हातात राहते ते बांधायचे आणि जे सामान हातातून जाते ते कोंडायचे. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

ठेकेदार: बांधायचे म्हणजे प्रत्येक थापीला, हातोडीला, पान्याला दोरी! साहेब, एकदा परांचीवर उभे राहून बघा. एका गवंड्याच्या कमरेला चार दोऱ्या लोंबल्या तर तो कामापेक्षा गुंतण्यात जास्त वेळ घालवील. दोरी परांचीच्या कप-लॉक जोडाच्या खाचेत अडकली आणि तोल गेला, तर हातोडी वाचवायला जाऊन माणूस घालवला म्हणायचं. शिवाय हत्यारं माझी नाहीतच. गवंडी थापी आणि ओळंबा स्वतःचा आणतो, सेंट्रिंगवाल्याची हातोडी त्याची स्वतःची. त्याच्या हत्याराला मी भोक पाडू? आणि काही पोरं बांधतात की सुतळी, मी कुठं नाही म्हणतो.

लेखक: यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि तो न ऐकता जे वरून फर्मान काढतात त्यांच्यामुळेच हा उपाय बदनाम होतो. वाईट बांधलेले हत्यार हे न बांधलेल्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते. फिरणाऱ्या ड्रिलच्या पुढच्या भागाला दोर लावला तर तो गुंडाळला जाऊन मनगट पिळवटेल. वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ नायलॉनचा दोर वितळेल, विजेच्या तारांजवळ धातूची तार नको. जड हत्यार कमरेला बांधणे तर उघड मूर्खपणा. अडीच किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजनाचे हत्यार माणसाला न बांधता पक्क्या बांधकामाला बांधावे, असाच सल्ला या विषयातले जाणकार देतात, कारण ते सुटले तर हिसका माणसालाच बसेल. हलक्या हत्याराचा दोर आखूड किंवा आपोआप आखडणारा हवा, लोंबणारा नको. आणि चार हत्यारे एका वेळी कमरेला कशाला? हातातले एक बांधलेले, बाकीची तोंड बंद होणाऱ्या पिशवीत, आणि अदलाबदल करताना आधी दुसरे अडकवायचे, मगच पहिले सोडायचे. शिस्तीच्या नावाखाली दोऱ्यांचे जंजाळ करा असे कोणी शहाणा सांगत नाही.

सुतळीचे मात्र मी कौतुक करणार नाही. अर्ध्या किलोची हातोडी एक मीटर खाली येऊन न ताणल्या जाणाऱ्या दोरीवर दोन सेंटिमीटरमध्ये थांबली, तर त्या दोरीला सरासरी पंचवीस किलोचा हिसका बसतो. दोन पावसाळे आणि एक उन्हाळा खाल्लेली सुतळी तेवढा सोसेल याची खात्री तुम्ही देता का? आणि गाठ दांड्यावरून सरकणार नाही याची? सुतळीने हत्यार बांधल्याचे समाधान मिळते, बांधले जात नाही. या एवढ्याशा दोऱ्यांना, अडकवण्याच्या कड्यांना आणि पिशव्यांनाही चाचणी लागते, हे अमेरिकेने २०१८ साली मानक काढून मान्य केले: एएनएसआय-आयएसईए १२१. हत्यार कशाला अडकवायचे, हत्याराला कडी कशी बसवायची, मधला दोर आणि सामान नेण्याची पिशवी किंवा बादली, या चारही गोष्टी त्यात स्वतंत्र तपासल्या जातात. जर्सी सिटीच्या मोजपट्टीनंतर चार वर्षांनी ते आले.

आता हत्यार कोणाचे, हा प्रश्न. थापी गवंड्याची, हे खरे. पण उंची तुमची, शेठ. तीच थापी त्याने तळमजल्यावर पाडली तर त्याच्या पायावर पडेल. विसाव्या मजल्यावर तो स्वतःहून चढलेला नाही, तुमच्या कामासाठी चढला आहे. तेव्हा पडलेल्या थापीला जो वेग येतो तो तुमच्या मजल्यांनी दिलेला असतो. भोक पाडायचीही गरज नाही, दांड्यावर घट्ट बसणारे पट्टे आणि कड्या मिळतात. गवंडी सकाळी आला की मुकादमाने कडी बसवून द्यावी, वर नेलेल्या हत्यारांची नोंद करावी, संध्याकाळी उतरताना मोजून घ्यावीत. शस्त्रक्रियेच्या खोलीत पोट शिवण्यापूर्वी कापसाचे बोळे आणि चिमटे मोजतात तेव्हा कोणी सर्जनच्या हुशारीवर शंका घेत नसतो. मोजताना एक पाना कमी भरला, तर तो परांचीवर कुठेतरी कडेला पडून आहे आणि रात्रीच्या वाऱ्याची वाट बघतो आहे, हे त्याच दिवशी कळते. चोरीलाही आळा बसेल, ज्याची तक्रार तुम्हीच अधूनमधून करता.

ठेकेदार: हत्यारांचं जाऊ द्या. खरं तर पडतं ते सामान. विटा, ब्लॉक, सेंट्रिंगचे खिळे, सुकलेल्या काँक्रीटच्या खपल्या, प्लायचे तुकडे. विटेला कडी बसवणार आहात का? आणि काम उक्तं असतं, हे विसरू नका. जितकं होईल तितका पैसा. पोरं खालून विटा फेकतात, वरचा झेलतो. तो वेग तुमच्या नियमांनी मारला तर तीच पोरं उद्या दुसऱ्या साइटवर जातील.

लेखक: तुमचे बरोबर आहे, आणि वरळी-जोगेश्वरीच्या दोन्ही घटना तुमच्याच बाजूची साक्ष देतात: तिथे हत्यार पडले नव्हते, सामान पडले होते. म्हणून तर 'कोंडणे' म्हटले. ब्लॉक वर न्यायचे तर बंद पिंजऱ्यात, उघड्या फळीवर रचून नव्हे. मजल्यावर उतरवले की कडेपासून आत ठेवायचे. परांचीच्या कडेला उभी फळी लावतात, तिची उंची साधारण दीडशे मिलिमीटर. विटांची थप्पी तिच्या वर गेली की त्या फळीचा उपयोग संपतो. थप्पी उंच हवीच असेल तर तिथे मजबूत तारेची जाळी उभी करावी. राडारोडा खिडकीतून न लोटता बंद नळीतून खाली सोडावा. शटरिंग काढताना सुटणाऱ्या खपल्या आणि खिळे तर कोणाच्याच हातात नसतात, त्यासाठी तेवढा वेळ खालचा भाग पूर्ण रिकामा करावा लागतो. पत्रे आणि प्लाय यांचा विचार पावसाळ्याआधी वेगळा करावा. पहिला वळीव पत्र्याला शिडासारखा उचलतो, आणि तो कोणाच्या हातातून निसटलेला नसतो.

उक्त्या कामाची गोष्ट मात्र तुम्ही इतक्या सहज सांगितलीत की त्यातले उत्तर तुमच्याच लक्षात आले नाही. मुलगा वीट फेकतो, कारण फेकण्याचे त्याला पैसे मिळतात. दर तुम्ही ठरवला, वेग दराने ठरवला, आणि झेलताना वीट सुटली की चूक मात्र पोराची. लक्ष देण्याचे व्याख्यान रोज सकाळी पाच मिनिटे, आणि लक्ष न देण्याचे बक्षीस उरलेले दहा तास! फेकाफेक बंद करायची तर सामान वर पोहोचवण्याचा दर उक्त्यातून काढून रोजावर आणा, नाहीतर लिफ्ट लावा. लिफ्ट लावल्यावर काम मंदावते हा समज एकदा घड्याळ लावून तपासून बघा. फेकून फुटलेल्या विटाही त्या हिशेबात धरा.

ठेकेदार: शेवटी गाडी पैशावरच येते ना? ऐका मग. निविदा उघडते, सगळ्यात कमी दर त्याला काम. मी पिंजरे, कड्या, नळ्या, जाळ्या सगळं धरून दर भरला तर काम शेजारच्याला जातं, आणि तो यातलं काहीच करत नाही. मी भला माणूस व्हायचं आणि घरी बसायचं? त्यापेक्षा विमा आहे, कोर्ट आहे.

लेखक: विम्याने पैसे मिळतात, हे खरे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पद्धतीने, महिना पंधरा हजारांची वेतनमर्यादा धरून, पंचविशीतल्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई सव्वासोळा लाखांच्या आसपास येते. ती विमा कंपनी देईल. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा विमा कंपनी अंगावर घेत नाही. जुन्या दंडसंहितेत त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. आणि पोलीस आले की आधी कोणाला नेतात? बहुधा साइटवरच्या तरुण इंजिनिअरला आणि मुकादमाला. दर त्यांनी भरलेला नसतो.

तरीही शेवटच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. एकट्या ठेकेदाराने भले व्हावे आणि बाजारात बुडावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. जोपर्यंत सुरक्षेचा खर्च दरात मिसळलेला आहे, तोपर्यंत जो हा खर्च कापतो त्यालाच काम मिळणार. म्हणून ती रक्कम स्पर्धेबाहेर काढली पाहिजे: निविदेत स्वतंत्र ओळ, सगळ्यांना सारखा आकडा, आणि पिंजरा, नळी, कड्या, हत्यारांची नोंदवही प्रत्यक्ष दिसली तरच बिल मंजूर. हे ठेकेदार करू शकत नाही, काम देणारा करू शकतो. आणि काम देणारा म्हणजे दर वेळी कोणी दूरचा बिल्डर नसतो. मुंबई-पुण्यात आज हजारो सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यांच्या सर्वसाधारण सभांत वाढीव क्षेत्रफळावर, भाड्यावर, कॉर्पसवर, पार्किंगवर रात्री बारापर्यंत वाद होतात. ज्या रस्त्यालगत हे काम तीन-चार वर्षे चालणार, त्याच रस्त्याने त्यांची मुले शाळेत जाणार असतात. तेव्हा पुनर्विकासात असलेल्या प्रत्येक सभासदाला एक विनंती: विकसकाबरोबरच्या करारनाम्यात उंचावरचे सामान आणि हत्यारे बांधण्या-कोंडण्याचे कलम, त्यासाठीची वेगळी रक्कम आणि ते तपासण्याचा सोसायटीचा हक्क आहे का ते बघा. नसेल, तर ते घातल्याशिवाय सही करू नका.